२७०० चा सेल की २००० चा? सोलापूरच्या उन्हाळ्यात रिचार्जेबल सेलची परीक्षा

रिचार्जेबल पेन्सिल सेल घेताना नजर जाते ती वेष्टनावरच्या मोठ्या आकड्यावर. २००० एमएएच आणि २७०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) शेजारी दिसले की हात आपसूक दुसऱ्याकडे वळतो. पण तो आकडा चार्जरमधून काढल्या काढल्या सेल किती देईल एवढंच सांगतो. महिनाभर टॉर्चमध्ये पडून राहिल्यावर आत काय उरेल, हे त्यावर कुठेच नसतं. आणि घरातले बहुतेक सेल पडूनच असतात.

त्यात प्रमाणित चाचण्या २० अंश सेल्सिअसच्या आसपास घेतलेल्या असतात. सोलापुरात मे महिन्यात पहाटेसुद्धा घरात २० अंश मिळत नाहीत, दुपारी तर बाहेर पारा चाळिशीच्या वर. तापमान १० अंशांनी वाढलं की सेल आपोआप उतरण्याचा, म्हणजे न वापरता रिकामा होण्याचा, वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणून २० अंशांच्या खोलीत घेतलेला आकडा इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

बाजारातले तीन प्रकार

पहिला, साधा निकेल मेटल हायड्राइड, २५०० ते २७०० एमएएचवाला. चार्ज केल्यावर पहिल्याच दिवशी थोडा उतरतो, नंतर रोज थोडा थोडा. थंड खोलीत महिन्याला पाव भाग गेला तर नवल नाही. म्हणजे २६०० चा सेल महिन्याने १९५० वर.

दुसरा, कमी उतरणारा निकेल मेटल हायड्राइड. सान्योने २००५ मध्ये एनेलूप आणला तेव्हा हा प्रकार लोकांना माहीत झाला. आज तेच नाव पॅनासोनिककडे आहे. क्षमता २००० च्या आसपास, पण महिनाभराने त्यातले बहुतेक शिल्लक. वरच्या २६०० शी तुलना केली तर महिना संपता संपता दोघे बरोबरीला येतात आणि पुढे २००० वाला पुढेच राहतो. उन्हाळ्यात ही बरोबरी महिन्याच्या आधीच होते. आयुष्याचाही फरक आहे. जास्त एमएएच कोंबण्याची किंमत आयुष्यात मोजावी लागते. एनेलूपच्याच दोन जाती पाहा: साधा २१०० वेळा चार्ज होतो आणि २५०० वाला प्रो ५०० वेळा, असं कंपनीच म्हणते.

तिसरा, १.५ व्होल्टचा लिथियम सेल, बहुधा यूएसबीने चार्ज होणारा. आत ३.७ व्होल्टचा लिथियम सेल आणि व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट. याच्या वेष्टनावर ३४०० असं ठळक छापलेलं असतं, पण खालचं एकक बघा: एमडब्ल्यूएच (मिलिवॅट-तास, म्हणजे एमएएच गुणिले व्होल्ट). ३४०० ला १.५ ने भागा, २२६७ एमएएच होतात. उलट, २००० एमएएचच्या निकेल सेलला १.२ ने गुणलं तर २४०० एमडब्ल्यूएच. फरक आहे, पण आकड्यांवरून वाटतो तेवढा नाही.

निकेलच्या पेन्सिल सेलवर ३००० च्या पुढचा आकडा दिसला तर तो खाली ठेवा. त्या आकारात खरी मजल २७००-२८०० च्या आसपास संपते. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा इथे कामाला येतो. खरा पेन्सिल सेल २६ ते ३० ग्रॅम भरतो. १८-२० ग्रॅम भरला तर आत ऐवज कमी आहे.

क्षमता मोजायची: चार्जरने की रेझिस्टरने?

नुसता मल्टिमीटर (व्होल्टेज मोजणारं मीटर) लावून निकेल सेलची क्षमता कळत नाही. ८० टक्के भरलेला आणि ४० टक्के भरलेला, दोन्ही १.२ ते १.३ च्या दरम्यानच घुटमळतात. सेल पूर्णपणे उतरवून, वाटेत किती निघालं ते मोजणं हाच उपाय.

क्षमता दाखवणारा चार घरांचा चार्जर ही सोपी वाट. तो सेल भरतो, उतरवतो, पुन्हा भरतो. ७०० मिलिअँपने भरायला तीन तास, ५०० ने उतरवायला चार, पुन्हा तीन, असे दहा-अकरा तास धरा. आकडा उतरवतानाचाच घ्यायचा. भरतानाचा आकडा नेहमी फुगलेला असतो, कारण दिलेल्या विजेतला काही भाग उष्णतेत जातो. काही चार्जर शेवटी नेमका तोच दाखवतात, तेव्हा माहितीपत्रक वाचल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

आपल्याकडे या वाटेतली मुख्य अडचण म्हणजे वीज. दोन मिनिटं लाइट गेली तरी बरेच चार्जर आकडा विसरतात आणि लाइट आल्यावर साध्या चार्जिंगला लागतात. सकाळी स्क्रीनवर काहीतरी आकडा असतोच, फक्त तो भलत्याचा असतो. चार्जर इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावा किंवा यूएसबीवर चालणारा घेऊन पॉवर बँकेतून चालवा. आणि निव्वळ टायमरवर चालणारा स्वस्त चार्जर तर नकोच: दर वेळी वीज आली की त्याचे तास पहिल्यापासून सुरू होतात, आणि भरलेला सेल पुन्हा भाजला जातो.

दुसरी अडचण उष्णता. चार सेल शेजारी शेजारी असले की मधले दोन तापतात. उन्हाळ्यात फक्त कडेची दोन घरं वापरा आणि चार्जर पहाटे शहाबादी फरशीवर ठेवा. ४० अंशांच्या पुढे निकेल सेल नीट भरत नाही. भरल्यावर व्होल्टेज किंचित घसरतं ती खूणही पुसट होते आणि चार्जर थांबायचं विसरतो. करंट फार कमी ठेवला तरी तीच खूण हुकते, म्हणून ‘हळू चार्ज म्हणजे सुरक्षित’ हे टायमर नसलेल्या चार्जरला लागू नाही.

रेझिस्टरची वाट स्वस्त, पण लक्ष मागते. ३.३ ओहम, २ वॅटचा रेझिस्टर (विजेला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग, त्यातून सेल उतरतो), एका सेलचा होल्डर, मल्टिमीटर. अर्धा वॅटचा रेझिस्टर घेऊ नका, सुरुवातीला सेल १.४ व्होल्टला असतो तेव्हा त्यावर अर्ध्या वॅटहून जास्त पडतं. सेल पूर्ण भरा, तासभर थांबा, मग जोडा. सरासरी १.२ व्होल्ट भागिले ३.३ म्हणजे ०.३६४ अँपिअर. व्होल्टेज १.० वर येईपर्यंत ५ तास १५ मिनिटं लागली, तर ५.२५ गुणिले ०.३६४, म्हणजे सुमारे १९१० एमएएच. मीटरची टोकं होल्डरच्या तारांवर नको, थेट सेलच्या दोन टोकांना लावा. स्वस्त होल्डरच्या स्प्रिंगमध्येच व्होल्टेज पडतं आणि चांगला सेल नापास होतो.

पाच तास बसून राहायचं नसेल तर सेलला समांतर एक साधं क्वार्ट्झ घड्याळ जोडा आणि बाराला लावून सोडा. शेवटी व्होल्टेज कड्यावरून पडल्यासारखं खाली येतं, घड्याळ थांबतं, काटे वेळ सांगतात. मात्र त्यानंतर सेल तासन् तास तसाच जोडलेला ठेवू नका.

अचूकता म्हणाल तर दोन्ही वाटा घरच्या कामाला पुरेशा आहेत. पण एका वाटेचा आकडा दुसरीशी जुळवत बसू नका: चार्जर ०.९ वर थांबत असेल, तुम्ही १.० वर, शिवाय करंटही वेगळा. नव्या किंवा वर्षभर पडलेल्या सेलची पहिली चाचणी तर मोजूच नये. तीन-चार वेळा भरून उतरवल्यावर तो खऱ्या आकड्यावर येतो.

आपोआप उतरण्याची चाचणी

इथे चार्जर आणि रेझिस्टरमधला फरक खरा जाणवतो. आधी क्षमता मोजा, सेल पुन्हा त्याच पद्धतीने पूर्ण भरा, मार्करने सेलवर क्रमांक आणि तारीख घाला, आणि तो एरवी जिथे राहणार तिथेच २८ दिवस ठेवा. फ्रिजमध्ये ठेवून घेतलेला निकाल टॉर्चच्या उपयोगाचा नाही. मग फक्त उतरवा. चार्जरवर ‘टेस्ट’ दाबलंत तर तो आधी सेल भरतो आणि महिना वाया जातो. ‘डिस्चार्ज’ हेच बटण हवं. रेझिस्टरला ही चूक करताच येत नाही.

१९१० चे १७२० राहिले तर १९० गेले, म्हणजे दहा टक्के. उन्हाळ्यात कमी उतरणाऱ्या सेलला हे माफ. त्याच सेलचे ३० टक्के गेले तर तो फक्त रोजच्या वापराच्या माऊसला ठेवा. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास जानेवारीत एकदा आणि एप्रिल-मेमध्ये एकदा अशी चाचणी घेतलीत तर उष्म्याचा हिशेब तुमच्याच वहीत उतरेल.

घाई असेल तर आठवड्याची चाळणी: भरलेला सेल सात दिवसांनी मीटरवर १.३ च्या वर असेल तर ठीक, १.२ च्या खाली गेला असेल तर त्यातली वीज आतल्या आत गळतेय.

लिथियमवर ही चाळणी चालत नाही. त्याचं सर्किट शेवटपर्यंत १.५ च दाखवतं आणि मग एकदम बंद. तिथे ३.९ ओहम लावून पूर्ण उतरवणंच भाग. शेल्फवर पडलेला असतानाही ते सर्किट थोडी वीज खातं, आणि पूर्ण भरून उन्हाळ्यात ठेवलेल्या लिथियमची क्षमता कायमचीच कमी होते.

मग कुठे काय?

टॉर्च, बीपीचं यंत्र, कधीतरी लागणारी खेळणी: कमी उतरणारा २००० चा, डोळे झाकून. लग्नाच्या हंगामात फ्लॅशसाठी सकाळी भरून रात्री रिकामा करणाऱ्या फोटोग्राफरला २५०० चा परवडतो. १.२ व्होल्टवर रुसणाऱ्या उपकरणाला लिथियम द्या, पण रेडिओला नको. सर्किटची खरखर ऐकू येते. गॅस गीझरचे दोन मोठे सेल निकेलने बदलले तर ३ ऐवजी २.४ व्होल्ट मिळतात आणि ठिणगी पडेलच असं नाही, तिथे चार्ज न होणारे साधे अल्कलाइन बरे. भिंतीवरच्या घड्याळालाही साधाच सेल.

जिथे दोन-चार सेल एका रांगेत लागतात तिथे वहीतल्या आकड्यांवरून जोड्या लावा. १९०० च्या सोबत १४०० चा घातला तर कमजोर आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याला उलटा चार्ज करतात. त्यात तो कायमचा जातो. छापील क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली आलेले सेल रिमोटला, ६० खालचे ई-कचऱ्यात.