स्प्लिट एसीचा स्मार्ट कंट्रोलर: मार्च ते जून वापरून

‘प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट’ (ठरल्या वेळी ठरलेलं तापमान लावणारं यंत्र) शोधलं की परदेशातल्या सेंट्रल एसीची भिंतीवरची यंत्रं समोर येतात. ती आपल्या स्प्लिट एसीच्या कामाची नाहीत. आपल्याकडे ते काम करते ती वाय-फायवर चालणारी, रिमोटसारखे इन्फ्रारेड सिग्नल सोडणारी डबी. बोरिवलीच्या घरी मी दोन लावल्या: आमच्या खोलीतल्या इन्व्हर्टर (म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणाऱ्या) एसीला एक आणि आईच्या खोलीतल्या जुन्या, बिनइन्व्हर्टरच्या एसीला एक. दोन्ही तापमानाबरोबर आर्द्रताही मोजतात.

खरी बचत होते ती रात्री. झोपताना 25, एक वाजता 26, तीननंतर 27, साडेपाचला बंद. पंखा रात्रभर चालूच. पहाटे गारठून चादर ओढणारा माणूस उठून रिमोट शोधत नाही, ते काम वेळापत्रक करतं. तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं केंद्र सरकारचा ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. 2020 पासून नवे एसी मुळात 24 वरच सुरू होतात तेही त्यांच्याच आग्रहामुळे. ‘एसीला स्लीप बटण असतंच की’ म्हणाल, तर आहे, पण किती वाजता किती अंश हे माझ्या एसीत आपल्या हातात नाही.

आता मुंबईचा घोळ. इथे उकाड्यापेक्षा दमटपणा छळतो. जुन्या एसीत खोली 27 ला पोचली की कॉम्प्रेसर थांबतो, पण ब्लोअर ओल्या कॉइलवरून वारा फेकत राहतो आणि तेच बाष्प पुन्हा खोलीत येतं. आकडा बरोबर, अंग मात्र चिकचिकीत. म्हणून आईच्या खोलीत 26 च्या वर जात नाही, आणि आर्द्रता 65 टक्क्यांवर गेली की ड्राय मोड (गारव्यापेक्षा दमटपणा कमी करण्यावर भर देणारा), असा नियम घातलाय. मे महिन्यात या एका नियमाने झोप वाचवली. आर्द्रता न मोजणारी स्वस्त डबी मुंबईत घेऊच नका.

बिलाचं म्हणाल तर युनिट कमी झाले, पण किती ते छातीठोक सांगणार नाही. दोन उन्हाळे सारखे नसतात. मात्र 101 ते 300, 301 ते 500 युनिट अशा चढत्या दरांच्या स्लॅबमुळे वाचतात ते वरचे, महागडे युनिट. त्यामुळे रुपयांतला फरक जास्त जाणवतो.

‘घरी पोचण्याआधी खोली गार’ हे फीचर मी बंद केलंय. अंधेरीहून निघाल्यावर लोकल रखडली, की एसी रिकामी खोली गार करत बसतो. इन्व्हर्टरला तसाही फार वेळ लागत नाही.

त्रास दोन. डबी फक्त सिग्नल सोडते, एसी खरंच चालू आहे का ते तिला कळत नाही. आई जुनाच रिमोट वापरते (‘अरे, बटण दाबलं की टुक वाजतं, ते बरं’), मग अ‍ॅप काहीतरी भलतंच दाखवतं. आणि इंटरनेट गेलं की माझ्या डब्यांचं वेळापत्रकही जातं. तसं झालं तेव्हा एसी सकाळपर्यंत 25 वरच चालला. वेळापत्रक डबीतच साठवणारं मॉडेल मिळालं तर थोडे जास्त पैसे द्या. एसीला स्वतःचं वाय-फाय असेल, तर आधी त्याच्या अ‍ॅपमध्ये रात्रीचे टप्पे लावता येतात का ते बघा. येत असतील तर ही डबी घेऊ नका.