मुलाला इतर मुले त्रास देतात तेव्हा : एका पालक कार्यशाळेविषयी

कोथरूड परिसरातील एका समुपदेशन केंद्रात शनिवारी दुपारी भरणाऱ्या या कार्यशाळेचे शुल्क माणशी ६०० रुपये असून ती तीन तास चालते. मुलांना सोबत आणू नये, अशी तिची अट आहे आणि ती मला योग्य वाटली, कारण आपल्या अपमानाची चर्चा अनोळखी माणसांसमोर चाललेली कोणत्याही मुलाला आवडणार नाही.

पहिला तास सर्वांत उत्तम होता. एका पालकाने मूल होऊन खुर्चीत बसायचे, “मला सगळे जाड्या म्हणतात,” असे सांगायचे आणि इतरांनी तोंडात येईल ते उत्तर द्यायचे. “लक्ष देऊ नकोस”, “तूही दोन ठेवून द्यायच्या होत्यास”, “आधी तूच काहीतरी केलं असशील” ही घरोघरीची उत्तरे त्या खुर्चीत बसून ऐकली की तिन्हींमुळे मुलाचे बोलणेच खुंटते, हे व्याख्यानाशिवाय कळते. त्याऐवजी काय झाले, कुठे झाले, जवळ कोण होते हे शांतपणे ऐकून घ्यावे आणि शेवटी “मी काय करावं असं तुला वाटतं?” असे विचारावे, हा समुपदेशक बाईंचा सल्ला मला मोलाचा वाटला, कारण आई-बाबा तडक शाळेत जाऊन आरडाओरडा करतील, या भीतीनेच पुष्कळ मुले काही सांगत नाहीत.

साधे भांडण आणि छळ यांतला फरक नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांच्या निकषांवरून सांगितला गेला : त्रास हेतुपुरस्सर आहे का, तो वारंवार होतो का आणि त्रास देणाऱ्याचे पारडे जड आहे का. घटनांची तारीखवार नोंद ठेवून वर्गशिक्षकांना लेखी कळवावे, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दुसऱ्याच्या मुलाचे नाव घेऊ नये, हेही ठामपणे सांगितले गेले.

बघ्या मुलांचा विषय मात्र दोन वाक्यांत उरकला. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात तयार झालेला ‘किवा’ हा शालेय उपक्रम नेमका बघ्यांची भूमिका बदलण्यावर भर देतो, तेव्हा या भागाला अर्धा तास तरी द्यायला हवा होता. स्कूल व्हॅनमध्ये किंवा सोसायटीच्या आवारात, जिथे शिक्षक नसतात, तिथे काय करावे, याचेही समाधानकारक उत्तर मिळाले नाही. सर्वांत खटकले ते वेगळेच. मुलाला बोलीवरून आणि आडनावावरून चिडवतात, असे एका आईने सांगितल्यावर तिला मुलाचा आत्मविश्वास वाढवण्याचा सल्ला मिळाला. जातीवरून मारलेला टोमणा हा ऐकणाऱ्या मुलाच्या आत्मविश्वासाचा प्रश्न नव्हे. तो शब्द ज्या घरातून आला, त्या घराला शाळेने जाब विचारायला हवा आणि शाळेला तसे करायला कसे लावायचे, हे पालकांना इथे शिकवायला हवे होते.

शेवटी मिळालेल्या पत्रकावर केंद्राचाच दूरध्वनी क्रमांक ठळक आहे. मुलांसाठी चोवीस तास चालणारी १०९८ ही विनामूल्य सेवा आणि मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ ही टेली-मानस सेवा यांचा त्यावर उल्लेख नाही.

प्राथमिक शाळेतील मुलांच्या पालकांनी पहिल्या तासासाठी तरी जावे, आई-वडील दोघांनीही. आठवी-नववीतील मुलांचा छळ बहुधा मोबाइलवरही चालतो आणि त्याविषयी इथे काहीच नसल्याने त्यांच्या पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी केंद्राकडे स्वतंत्र सत्राची चौकशी करावी.