५१२ जीबीच्या कार्डात निघाली १६ जीबी

दादर स्टेशनबाहेर किंवा सीएसएमटीच्या भुयारी मार्गात ५१२ जीबीचं मेमरी कार्ड चौथाई किमतीत मिळतं. विकणारा ते तुमच्याच फोनमध्ये घालून दाखवतो. स्टोरेजमध्ये ५१२चा आकडा उमटतो, गाणं वाजतं, गिऱ्हाइकाची खात्री पटते. पण फोन कार्ड मोजत नाही. कार्डातला कंट्रोलर, म्हणजे कार्डाचा कारभार पाहणारी छोटी चिप, सांगेल तोच आकडा फोन दाखवतो, आणि या कार्डांत तो कंट्रोलर खोटं बोलायला शिकवलेला असतो. आत डेटा साठवणारी खरी चिप १६ किंवा ३२ जीबीची.

पहिले काही आठवडे काहीच कळत नाही. खरी जागा भरली की पुढचा डेटा हवेत जातो किंवा जुन्यावरच लिहिला जातो, आणि फोन तरीही ‘कॉपी झालं’ म्हणतो. गॅलरीत फोटोचं छोटं चित्र दिसतं, कारण ते फोनच्या स्वतःच्या मेमरीत साठवलेलं असतं. उघडलं की वरची पट्टी नीट, खाली सगळं राखाडी. विसर्जनाचा व्हिडिओ तर उघडतही नाही. तोवर फोनमधला मूळ व्हिडिओ पुसून झालेला असतो. खरं नुकसान हे, कार्डाचे पैसे नव्हेत.

तक्रार केली की ‘फॉरमॅट मारा’ असं उत्तर मिळतं. मारू नका. फॉरमॅट फाइलींची नोंदवही नवी करतं, चिप वाढवत नाही. वाचवता आलं असतं तेही अवघड होतं. आधी उघडतंय ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

नवं कार्ड रिकामं असतानाच विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ (H2testw) किंवा लिनक्सवर ‘एफथ्री’ (F3) या तपासणीच्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून परत वाचून बघा. सेकंदाला २० एमबी वेगाने ५१२ जीबी लिहायलाच सात तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवा. थोडंसं भरून थांबलात तर खोटं कार्डही पास होतं.

मात्र ६४ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरवर ५९.६ दिसलं तर ती फसवणूक नव्हे, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. चार जीबीपेक्षा मोठी फाइल जात नसेल तर कार्ड फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेलं आहे, तिला एवढी मोठी फाइल चालत नाही. डेटा आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि मग कार्ड एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करा.

बिलावर क्षमता लिहून घ्या. दुकानदार हात वर करत असेल तर तपासणीचा स्क्रीनशॉट आणि बिल ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवा. फुटपाथवर बिल मिळत नाही, विकणाराही दुसऱ्या दिवशी त्या जागी सापडेलच असं नाही.