एक कुऱ्हाड की चारशे चोवीस?

१८७० मध्ये बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरियाला गुरं राखणाऱ्या पोरांना तांब्याचा साठा सापडला. गोंदियापासून हे फार लांब नाही. ४२४ तांब्याच्या वस्तू, त्यात सपाट कुऱ्हाडी आणि पहारीसारखी लांब हत्यारं. शिवाय चांदीचे १०२ पातळ पत्रे, काही बैलाच्या मुंडक्याच्या आकाराचे. नुसतं तांबंच पावणेचारशे किलोंच्या आसपास!

१९९१ मध्ये आल्प्समध्ये दोन गिर्यारोहकांना बर्फात एक प्रेत दिसलं. तोच पुढे जगप्रसिद्ध झालेला ओत्झी, बर्फात टिकून राहिलेला प्राचीन माणूस. त्याच्याजवळ तांब्याची कुऱ्हाड एकच, पातं जेमतेम साडेनऊ सेंटिमीटरचं.

संख्येवर जायचं तर गुंगेरिया केव्हाच जिंकलं. पण कोणता शोध जास्त सांगून जातो, तर माझं मत ओत्झीच्या बाजूने. त्याच्या कुऱ्हाडीला यू झाडाचा साठेक सेंटिमीटरचा दांडा अजून शाबूत आहे. पातं बर्च झाडाच्या डांबराने चिकटवून चामड्याच्या पट्टीने आवळलेलं. मालकच शेजारी असल्यामुळे काळही कळला, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा. तांबं जवळपास शुद्ध, आणि धातूच्या तपासणीनुसार ते आलं थेट इटलीतल्या टस्कनीतून.

गुंगेरियाच्या हत्यारांना ना दांडे उरले, ना मालक. काळ अंदाजानेच सांगावा लागतो, साधारण इसवी सनापूर्वीचं दुसरं सहस्रक. ती पुरली कोणी आणि का, यावर तर्कच चालतात. मात्र ती चांदी डोक्यातून जात नाही: भारतातल्या ताम्रनिधींत, म्हणजे पुरलेल्या तांब्याच्या प्राचीन साठ्यांत, चांदी सहसा नसतेच. तेवढ्या एका बाबतीत गुंगेरिया ओत्झीपेक्षा जास्त छळतं.