ओपीसी ५३ की पीपीसी, कुठलं सिमेंट? घर बांधताय तर वाचा
भावांनो, ओपीसी म्हणजे साधं पोर्टलँड सिमेंट, ५३ ही त्याची ग्रेड, आणि पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट. दुकानात गेलं की पहिला प्रश्न हाच, आणि मिस्त्री म्हणतोय ५३च घ्या, लई स्ट्राँग. खोटं नाही, २८ दिवसांत ५३ मेगापास्कल (ताकद मोजायचं माप) तरी ताकद मिळायलाच पाहिजे, पीपीसीला तीच अट ३३ ची. सेंट्रिंग (स्लॅबखालचे टेकू-फळ्या) लवकर काढायची घाई असेल तर ५३ बरं.

पण आपलं कोल्हापूर हाय, पंचगंगा २०१९ ला आली, २०२१ ला परत आली, मग नुसती ताकद बघून कसं चालंल? पीपीसीत १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश असते, म्हणजे वीजकेंद्रातली कोळशाची राख, आणि सिमेंट भिजल्यावर जो चुना सुटतो त्याच्याशी ती हळूहळू रिअ‍ॅक्ट होऊन बारीक छिद्रं भरत जाते, त्यामुळं पाणी आत कमी शिरतं, सळी गंजायला वेळ लागतो. ताकद २८ दिवसांनंतरही वाढत राहते. सिमेंट घट्ट होताना निघणारी उष्णता कमी, म्हणून तडे कमी.

एकच अडचण, क्युरिंग, म्हणजे काँक्रीट पाणी मारून ओलं ठेवणं. ओपीसीला किमान ७ दिवस, पीपीसीला १०, आणि आमच्याकडं तर चौथ्या दिवशीच पाइप गुंडाळतात! पाणी मारायला माणूस असेल तर पायाला मी डोळे झाकून पीपीसी घेईन.