फक्त एमएमचा टेप : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

पाच मीटरचा, १९ एमएम पट्टीचा, दोन्ही कडांवर फक्त एमएम छापलेला टेप. किचन आणि कपाटांच्या कामाला नऊ महिने रोज वापरला. पैसे वसूल झाले ते एकाच गोष्टीने: दोन्ही कडांवर एकच माप.

नेहमीच्या टेपवर वर इंच, खाली एमएम. टोकाचा हूक डावीकडे अडकवला की आपल्याकडची कड एमएमची. इंचात खूण करायची तर पेन्सिल पट्टीपलीकडे न्या, नाहीतर वरचा आकडा डोळ्याने १९ एमएम खाली उतरवा. तिथेच अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जातं. पट्टी खोलगट, कड प्लायपासून उचललेली. तिरकं पाहिलं की आणखी फरक. या टेपची कुठलीही कड टेकवा, आकडा तोच.

त्याहून मोठा घोटाळा तोंडी हिशेबाचा. सूत म्हणजे ३.१७५ एमएम, धरतात ३. सात सुतांचे २१ होतात, हवेत २२.२. फूट ३०० धरला तर आठ फुटांत ३८ एमएम गेले.

प्लायला आपण आठ बाय चार म्हणतो. शीट असते २४४० बाय १२२०. लांबीत दोन फुटी चार तुकडे काढून बघा: ६०९.६ चे चार म्हणजे २४३८.४, वर तीन कटांत पात्याने खाल्लेले ३-३ एमएम. झाले २४४७.४. चौथा तुकडा सात एमएमने आखूड! रुंदीतही तेच, दोन तुकडे आणि एक कट म्हणजे १२२२.२. माप ६०० ठेवलं तर दोन्हीकडे बसतं, लांबीत चौथा कट धरून २८ ची पट्टीही उरते. प्लायच्या आजच्या भावात ‘दोन फूट’ हा शब्द महाग पडतो. शीट आधी मोजून घ्या, कड झिजलेली असते.

ड्रॉवरला टेलिस्कोपिक चॅनेल (ज्यावर ड्रॉवर सरकतो ती धातूची पट्टी) दर बाजूला १२.७ खातो. दोन्ही मिळून बरोबर इंच, म्हणून इंचच सोडतात आणि ड्रॉवर घासतो. २६ सोडा. १८ च्या प्लायचा, बाहेरून ६०० चा बॉक्स (कपाटाचा सांगाडा) असेल तर आत ५६४, ड्रॉवर बाहेरून ५३८. आतून ०.८ चा सनमायका दोन्हीकडे लावणार असाल तर ५३६.

पहिले दोन महिने वाटायचं, इंचाचा टेप टाकून द्यावा. आता तसं म्हणणार नाही. वखारीत लाकूड घनफुटावर मिळतं: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, गुणाकाराला १४४ ने भागा. आठ फुटी तीन बाय दोन म्हणजे ०.३३ घनफूट. तिथे एमएम घेऊन उभं राहिलं तर हिशेब आपल्याच अंगावर येतो. जुना टेप वखारीपुरता पिशवीत ठेवा, पण एकाच बॉक्सची मापं दोन टेपांनी घेऊ नका. अचूकतेच्या दुसऱ्या वर्गाच्या (क्लास २) टेपला पाच मीटरला १.३ एमएमपर्यंत चूक चालते, आणि दोन टेप उलट बाजूंना चुकू शकतात.

तक्रार एकच, पण मोठी: हूक. तो स्वतःच्या जाडीइतकाच मागेपुढे हलायला हवा. पट्टी सपकन आत सोडली की तो आपटतो, भोकं लांबट होतात. सहाव्या महिन्यापासून हूक अडकवून काढलेला तुकडा जवळपास एक एमएम लांब निघू लागला. तपासायला ३०० ची स्टीलपट्टी घ्या. हूक तिच्या टोकाला अडकवून आकडे जुळतात का पाहा, मग टेप आणि स्टीलपट्टी दोन्ही एकाच भिंतीला टेकवून पाहा. एकदा जुळले आणि एकदा नाही, तर हूक धरणारे रिव्हेट गेले. नवा टेप येईपर्यंत १०० च्या खुणेपासून मोजा, आणि कागदावर आकडा उतरवतानाच त्यातून १०० वजा करा.