डूला ते जापेवाली: इंदूरमधल्या एका बाळंतपण-पॅकेजबद्दल

पॅकेजमध्ये दोघी येतात. कळांपासून सोबत करणाऱ्या डूला आणि नंतर बाळ-बाळंतिणीला सांभाळायला चाळीस दिवस घरी येणाऱ्या जापेवाल्या बाई. दोघींच्या कामात मोठा फरक आहे.

डूलांचे पैसे वसूल होतात. चौतिसाव्या आठवड्यानंतर दोन भेटी, अडतिसाव्यापासून फोन रात्रंदिवस चालू. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असली की कळा बहुधा कंबरेत येतात. तेव्हा माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर मनगटालगतच्या तळव्याने घट्ट दाब द्यायचा, कळ ओसरली की सोडायचा. नुसतं चोळलं तर कातडी हुळहुळते, दुखणं तिथंच. अर्ध्या-पाऊण तासाने बैठक बदलणं, घोटघोट पाणी, आठवणीने लघवीला पाठवणं, सगळं चोख. लघवीची भरलेली पिशवी बाळाच्या डोक्याला आडवी येते. कळांत बसायचा मोठा बॉल मात्र सगळ्यांना ६५ सेंटीमीटरचाच. बुटक्या बाईचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, तिला ५५ चा मागवा.

डूला आतून तपासत नाहीत, बाळाचे ठोके ऐकत नाहीत, औषध देत नाहीत. बरोबरच आहे. भारतात नर्सिंग कौन्सिलसारखी डूलांची सरकारी नोंदणी नाही, तेव्हा सर्टिफिकेट बघण्यापेक्षा कोणत्या हॉस्पिटलात लेबर रूममध्ये सोडतात ते विचारा. सरकारी दवाखान्यांत प्रसूतीला सोबतीण ठेवायला केंद्राने २०१६ मध्येच मान्यता दिली. खासगीत आधी लेखी घ्या. नाहीतर डूला दाराबाहेर आणि बिल पूर्ण.

जापेवाल्या बाईंचा हात मऊ, सोंठ-गोंदाचे लाडू झकास. अळिवाची खीर आपण शिकवायची. पण बंद खोलीत कोळशाची शेगडी, नाळेवर हळद-तेल, नाकात तेलाचे थेंब हे सगळं चालूच आहे. आजेसासूबाई खूश, डॉक्टर नाहीत! धूर दिसला नाही तरी कार्बन मोनॉक्साइड साठतो. शेकाला गरम पाण्याची पिशवी पुरते आणि नाळ कोरडीच ठेवायची असते.

दोष बाईंचा नाही. डूलांचं काम करारात पानभर लिहिलंय, बाईंचं दोन शब्दांत: ‘इतर मदत’. म्हणजे भांडी, धुणं, बारशाच्या पाहुण्यांचा चहा. दिवसातून आठ-बारा वेळा पाजताना बाळाने स्तन नीट धरलाय का, हे बघायला त्यांना उसंत कुठली? आणि ट्रेनिंगचा खर्च डूलांवरच झालेला दिसतो.

आगाऊ रक्कम भरण्याआधी बाईंचे तास, आठवड्याची सुट्टी आणि त्यांच्या हातात पडणारा पगार लिहून मागा. टाळाटाळ झाली तर फक्त डूलांचा भाग घ्या, तो वेगळाही मिळतो.